तीन स्वारांचं रजिस्टर

माझा धाकटा भाऊ गेला त्याला सात महिने होत आले. तो असताना जायची तशीच त्यानंतरही दर रविवारी मी बिरवाडीला त्याच्या खोलीवर जात असे, आणि भावजय चहाचा कप माझ्या हातात देताना एकच प्रश्न विचारत असे.

"ताय, कदी सुरू झालं असंल ओ हे?"

"कसं सांगणार?" मी म्हणत असे.

मला सांगता येत होतं. कोणता महिना, कोणता वार, साधारण किती वाजले होते, सगळं. पण मी कपाकडे बघत राही आणि ती आपणच उत्तर देई. तिचं उत्तर ठरलेलं होतं. खोली पहिल्या मजल्यावर आहे, जिना बाहेरून आणि अरुंद. गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून गेला होता. भाऊ पहिली पाळी करून दमून आला होता आणि ती त्याला म्हणाली होती, "तेवढा वर आणा, मग टेका." सिलिंडर घेऊन चढताना तो पडला. डोकं भिंतीवर आपटलं, टेंगूळ आलं. आठव्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये त्याला फिटचा झटका आला, आणि मग मेंदूत गाठ निघाली. पडल्यामुळे अशी गाठ होत नसते, असं मुंबईच्या डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. तिने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "डाक्टर लोक असंच बोलतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून."

आजार त्या जिन्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. हे दोघांना माहीत होतं, त्याला आणि मला. जाण्याआधी त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता की हिला सांगायचं नाही.

हे सगळं लिहायचं तर आधी मोटरसायकलच्या शर्यतींबद्दल लिहावं लागेल. त्यातलं मला स्वतःला फारसं कळत नाही. जे कळतं ते त्याने सांगितलेलं आणि मी लिहून घेतलेलं.

मी महाडला एका शाळेत ग्रंथपाल आहे. एकटी राहते. भाऊ बिरवाडीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. पोलादपूर तालुक्यात डोंगरावर आमची बौद्धवाडी आहे. आई-वडील गेल्यावर घराला कुलूप लावलं ते लावलंच. आम्ही लहान असताना वाडीत एकही मोटरसायकल नव्हती. पोस्टमनसुद्धा सायकल खाली रस्त्याला टेकवून पायी वर यायचा. तेव्हा शर्यतींचं हे वेड त्याला कुठून लागलं ते मला सांगता येणार नाही. मी त्याला कधी विचारलं नाही. असे बरेच प्रश्न राहून गेले आहेत.

परदेशातल्या या शर्यती बहुतेक वेळा आपल्याकडे रविवारी संध्याकाळच्या सुमाराला दिसत. तो मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवी आणि जमिनीवर मांडी घालून बसे. सोमवारी कँटीनमध्ये त्यावर वाद होत. कोण मोठा, कोणात काय कमी. तिथे हा हमखास हरे, कारण बोलताना त्याची गाडी भलतीकडेच जाई.

"ताय, ते बोलतात, तुज्या बोलन्यात नुसता धुरळा," तो एकदा मला म्हणाला. "तू मला लिवून दे गो. मुद्देसूद. मी पाठ करतो."

"मला यातलं काय कळतं?"

"तुला कळायला कशाला पायजे? मी सांगतो, तू लिव. तुज्या अक्षरात आलं की खरं वाटतं."

मी शाळेतून एक कोरं रजिस्टर नेलं. पुराच्या वर्षी तळाच्या कपाटात भिजलेली काही रजिस्टरं होती. वाळवून ठेवली होती, खालच्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ होती, कचेरीच्या कामाला ती चालली नसती. पानाच्या मधोमध मी उभी रेघ मारली. डावीकडे गुण, उजवीकडे दोष. परीक्षेच्या पेपरात तुलना करा असा प्रश्न आला की आम्ही असंच करायचो. दुसरी पद्धत मला येत नव्हती.

स्वारांची नावं इथे लिहीत नाही. आमच्याकडेही ती वापरात नव्हती. परदेशी नावं भावाच्या तोंडात बसत नसत, म्हणून तिघा मोठ्या स्वारांना त्याने आपली नावं दिली होती. पहिला सुतार. हा प्रत्येक वळण मोजूनमापून घ्यायचा. वीस फेऱ्यांत चाक वीसदा त्याच जागेवरून जायचं. दुसरा पावश्या. ओल्या रस्त्यावर बाकीचे जिवाला जपत असताना हा हलक्या हाताने सगळ्यांच्या पुढे निघून जायचा. तिसरा उंडगा. हा कुठूनही घुसायचा, निम्म्या शर्यतींत पडायचा, उठून गाडी उभी करायचा आणि पुन्हा घुसायचा.

लिहिण्याचे दोन नियम आपोआप पडले. एक त्याचा: कुणाचाही गुण एकटा लिहायचा नाही, समोर दोष लिहायचाच. "नुसतं चांगलं चांगलं लिवलंस तर कँटीनला कोनी ऐकनार नाय," तो म्हणे. दुसरा माझा. तो काहीही म्हणाला की मी पेन उचलून विचारायची, "कशावरून?" मग त्याला फेरी सांगावी लागे, वळण सांगावं लागे. सुतार पुढे एकटा असला की त्याला कोणी गाठू शकत नाही. कशावरून? अमुक शर्यतीत पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत. पण गर्दीत सापडला की त्याचं माप चुकतं. कशावरून? अमुक ठिकाणी सहाव्या जागेवरून सुटला आणि सहावाच आला. पावश्या टायर राखून ठेवतो, शेवटच्या पाच फेऱ्यांत बाकीच्यांचे टायर संपलेले असतात तेव्हा वर येतो. पण सुरुवात वाईट. सुरुवातीचा लाल दिवा विझल्यावर सगळे सुटतात आणि हा जणू कुणाची परवानगी घेत असतो.

"तुजा पावश्या पुस्तकी हाय," भाऊ मला चिडवायचा, कारण मला पावश्या आवडे.

"तुझा सुतार काय, गवंड्यांच्या हाताखाली शिकलाय?"

"सुतार म्हंजे नियम. मला नियमाचा मानूस आवडतो."

"मग उंडग्याला कशाला एवढं ओरडून हाका मारता?" भावजय स्वयंपाकाच्या ओट्यापासून विचारी.

"तो पडतो म्हनून. पडनाऱ्याला हाक मारायला लागते."

तो स्वतः गाडी अतिशय हळू चालवी. साधी एकशेपंचवीसची गाडी, आरसे दोन्ही जागेवर, हेल्मेट डोक्यात. एकदा आम्ही दोघं वाडीला जाऊन आलो आणि परतताना त्याने मला आंबेनळी घाटात नेलं. वळणाच्या अलीकडे गाडी कडेला लावली, उतरला आणि पावलं मोजत रस्त्यावरून चालू लागला.

"उंडगा ब्रेक मारंल इथं," तो ओरडला. मग दहा पावलं मागे आला. "पावश्या इथं. सुतार हितं, हे बघ, ह्या पांढऱ्या दगडाला. रोज ह्याच दगडाला."

वरून उतरणाऱ्या ट्रकवाल्याने वेग कमी करून डोकं बाहेर काढलं. "ओ पावनं, जमीन मोजताय काय? खातेफोड झाली काय?"

"आनि तू कुठे मारतोस?" मी विचारलं. त्याच्या बोलीत त्याला चिडवायची मला सवय होती.

"मी? मी पोलादपूरलाच मारतो," तो म्हणाला, आणि त्या वळणावर आम्ही दोघं इतके हसलो की ट्रकवालाही हसत गेला.

सुताराचा एक मोठा दोष आम्हाला नंतर कळला. लांबलेल्या शर्यतीत शेवटी शेवटी त्याचा हात भरून येई. भावाने कुठेतरी ऐकलं होतं, मग दोन-तीन शर्यतींत आम्ही लक्ष ठेवून पाहिलं. सरळ रस्त्यावर तो मूठ सोडून हात झटकत असे. जोरात ब्रेक मारून मारून दंडाच्या खालचे स्नायू फुगतात, आतल्या आत आवळले जातात, बोटांत ताकद राहत नाही. बऱ्याच स्वारांना हे होतं, काहींना त्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. मी ते दोषांच्या बाजूला व्यवस्थित लिहिलं: 'उजवा हात भरून येतो (ब्रेक व ॲक्सिलरेटर उजव्या हाताकडे). दुखतो. विश्रांतीनंतर पूर्ववत.'

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, शर्यत सुरू व्हायच्या आधी, भावजय खाली पाणी भरायला गेली होती तेव्हा भाऊ मला म्हणाला, "ताय, एक गंमत सांगू? माजा हात सुतारासारका व्हायला लागला."

त्याने डावा हात पुढे केला, मूठ वळली, उघडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सावकाश उघडत होतं.

"क्लच दाबताना ऐकत नाय. परवा महाड नाक्याला गाडी बंद पडली."

"दुखतं का?"

"दुखत नाय. नुसता हुकमात नाय."

मी काय केलं ते मला लिहायचं आहे. मी हसले. म्हणाले, "एवढ्या हळू चालवणाऱ्यालासुद्धा होतं का हे?" तोही हसला. त्याच्या हसण्यात थोडा अभिमान होता, तो मला दिसला आणि मला बरं वाटलं. कारखान्यात पिशव्या उचलून आणि रोज गाडी चालवून आपल्याला मोठ्या स्वारांचा आजार झाला, हे त्याला पटलं होतं. मलाही पटलं. तीन वर्षं मी त्या माणसाला प्रत्येक वाक्याला कशावरून असं विचारत आले होते. त्या दिवशी विचारलं नाही. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. उजवा हात असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, दुखतो असंही लिहिलेलं होतं. चार पानं मागे उलटली असती तर दिसलं असतं.

"दाखवून घे एकदा," मी तरीही म्हणाले.

"आता नाय." त्याने जिन्याकडे पाहिलं. "कायम करायच्या यादीत नाव लागलंय माजं. मेडिकल हाय पुढल्या महिन्यात. आदीच डाक्टरकडे गेलो आनि कुठे कागदावर आलं, तर एवढी वर्षं पान्यात. मेडिकल होऊ दे, मग दाखवतो. हिला बोलू नको. ती उद्याच दवाखान्यात नेईल मला."

ती नेईल म्हणून तिला सांगायचं नाही, हे मी मान्य केलं.

मेडिकल झालं. डोळे, कान, छाती, रक्तदाब. डावी मूठ कुणी वळायला लावली नाही. तो पास झाला, कायम झाला, भावजयीने शेजाऱ्यांना पेढे वाटले. मग पाळ्या बदलल्या, कामाची जागा बदलली, दाखवायचं राहिलं. मी दर रविवारी विचारत असे, "हात कसा आहे?" तो म्हणे, "हाय तसा हाय." एका रविवारी जिना चढताना त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटून खाली पडली. त्याला कळलं नाही. वर आल्यावर मी सांगितलं तेव्हा त्याने पायाकडे पाहिलं. गिअर डाव्या पायानेच टाकतात, पायही भरून आला असेल, असं मी मनाशी म्हटलं. माझ्यासारख्या वाचणाऱ्या बाईने. ग्रंथालयात आरोग्याची दीड फळी पुस्तकं आहेत, त्यांतलं एकही मी उघडलं नाही. मला उत्तर माहीत होतं ना.

त्यानंतर महिन्याभरात सिलिंडर, आणि आठव्या दिवशी झटका.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर खाटेशी उभे राहून विचारत होते आणि एक मुलगी लिहून घेत होती. "डाव्या बाजूची कमजोरी कधीपासून?"

भावजय म्हणाली, "आठ दिवस झाले, साहेब. शिलेंडर घेऊन पडले तवापासून."

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला फाइल छातीशी धरून उभी होते. भाऊ शुद्धीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलू नको असं ते पाहणं होतं की बोल असं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर मी कितीदा आठवलं तरी कळत नाही. त्या मुलीने आठ दिवस असं लिहिलं. मी नंतर व्हरांड्यात डॉक्टरांना एकटं गाठून खरं सांगितलं. त्यांनी थांबून ऐकून घेतलं. मी विचारलं, तेव्हा आणलं असतं तर? ते म्हणाले, गाठ लहान असती. पुढचं काही सांगता येत नाही. उजव्या बाजूला आहे, म्हणून डावा हात. एवढं बोलून ते दुसऱ्या खाटेकडे गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. सगळी गाठ निघाली नाही. त्याला परत बिरवाडीला आणलं. पुढचे महिने मी रविवारी सकाळीच जाऊ लागले, म्हणजे भावजयीला थोडं पडता येईल. संध्याकाळी मोबाइल डब्याला टेकवून शर्यत लावत असे. तो उशीला टेकून बघे. हळूहळू त्याला कोण कुठला ते कळेनासं झालं. गाड्या डावीकडून येऊन उजवीकडे जात आणि तो फक्त उजवीकडे गेलेल्याच बघे. डाव्या अर्ध्या पडद्याकडे त्याचं लक्षच जात नसे. मी डबा उजवीकडे सरकवत असे. थोडा आणखी सरकव, म्हणे. मी पेन घेऊन बसे, पण तो काही सांगत नसे आणि मी विचारत नसे. एका रविवारी पाऊस होता त्या शर्यतीत, पावश्या जिंकला. मी सांगितलं, "माझा पावश्या आला रे." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताय, आपन चुकलो ना गो?"

मी हो म्हणाले.

"हिला नको सांगू. तिला वाटंल मी फसवलं तिला. पेढे वाटले तिनी."

मी तेही कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

तो गेल्यावर त्याचा जलदानविधी वाडीतल्या विहारात झाला. त्रिशरण-पंचशील झालं, मग लोक एकेक करून बोलू लागले. शांत स्वभाव, मनमिळाऊ, कुणाचं मन दुखावलं नाही. सगळं खरंच होतं. त्याचा एक कँटीनमधला मित्र उठला आणि म्हणाला, "हा मानूस रेसवर तासभर बोलायचा आनि स्वतः गाडी चालवायचा म्हशीच्या मागनं. आमी बोलायचो, बाबा हॉर्न दे, तर बोलायचा, म्हस दचकंल." लोक हसले, आणि हसता हसता तो मित्रच रडायला लागला. मग सूत्रसंचालकांनी माझं नाव घेतलं. ताई शिकलेल्या आहेत, दोन शब्द बोलतील. मी उठले. समोर पांढऱ्या साडीत भावजय बसली होती आणि माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होती. या गुणांच्या समोर, दोषांच्या बाजूला काय लिहायचं ते मला ठाऊक होतं, आणि ते सोडून बाकीचं बोलवत नव्हतं. मी आलेल्या सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखाने बोलता आलं नाही.

मग सात महिने तो प्रश्न. कदी सुरू झालं असंल ओ हे?

शब्द दिला आहे, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरं होतं, पण त्या शब्दाच्या आड मला बसायला जागा मिळत होती हेही खरं होतं. तिला कळलं असतं की तो लपवत होता. पण त्यापेक्षा आधी हे कळलं असतं की मी लपवत होते.

गेल्या रविवारी मी मिनीडोअर रिक्षातून उतरून गल्लीत वळले तर जिन्याखाली चार बायका उभ्या होत्या. भावजय भरलेला सिलिंडर एकटी वर नेत होती. दोन्ही हातांनी एका पायरीवर चढवायची, गुडघा लावून धरायची, दम घ्यायची, मग पुढची पायरी. मी धावले.

"कोनी हात लावायचा नाय," ती वर न बघताच म्हणाली.

शेजारीण मला हळूच म्हणाली, "ताय, दर खेपंला असंच करते. गॅसवाला वर आनतो बोलला तर त्यालापन हाकललंनी. आमचं ऐकत नाय. तुमी तरी सांगा."

मी खालच्या पायरीवर उभी राहून तिला शेवटच्या पायरीपर्यंत जाताना पाहिलं. वर गेल्यावर ती दारातच बसली. तळहात लाल झाले होते. मी आत गेले, फळीवरचं रजिस्टर काढलं. तो गेल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. ह्यांचं रेसचं, म्हणून फडक्याने वरून पुसायची फक्त. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. रविवार सांगितला, महिना सांगितला, ती पाणी भरायला गेली होती हे सांगितलं. मेडिकल, चप्पल, डॉक्टरांना मी व्हरांड्यात सांगितलं ते, आणि त्याने शब्द घेतला तेही. मी हळू बोलले.

मग तिने रजिस्टर ओढून घेतलं. ती दहावीपर्यंत शिकली आहे. बोट ठेवून तिने ती ओळ वाचली.

"इथं उजवा लिवलाय."

"हो."

"आनि ह्यांचा डावा."

"हो."

"दुखतो लिवलाय. ह्यांचा दुखत नव्हता."

"नव्हता."

"ताय, एवढी पुस्तकं तुमी..." ती थांबली. पुढे काय म्हणायचं होतं ते तिने गिळलं. ते तिने म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ती पुन्हा त्या ओळीकडे बघत राहिली.

"म्हंजे शिलेंडरनं नाय."

"नाही. हात-पाय आधीच गेले होते, म्हणून तो पडला."

"मंग मला सात महिने कशाला बोलू दिलंत?"

मी त्याने घेतलेल्या शब्दाचं पुन्हा काहीतरी बोलले असेन. तिने ऐकलं नाही. तिने मनातल्या मनात महिने मोजायला सुरुवात केली होती, मला तिची बोटं दिसत होती. अंगठा एकेका पेरावर ठेवत ती मागे मागे जात होती. पेढ्यांपर्यंत गेली, तिथे थांबली, आणखी मागे गेली. मग रडायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला तशी रडताना पाहिली नव्हती. मी पुढे झाले, तर तिने हात आडवा धरला. ढकललं नाही. फक्त धरला. मी होते तिथे बसून राहिले. खालच्या बायका जिन्यावरून डोकावल्या आणि माझं तोंड पाहून परत गेल्या.

बऱ्याच वेळाने ती उठली. तोंड धुतलं. चहा ठेवला नाही. माझी पिशवी खुंटीवरून काढून माझ्याजवळ आणून ठेवली.

"ताय, आता तुमी जावा," ती म्हणाली. "येत्या आयतवारी येऊ नका. त्याच्या पुढच्या आयतवारी या."

आज तिने येऊ नका म्हटलेला रविवार आहे. शाळेला सुट्टी, ग्रंथालय बंद. मी दुपारपासून हे लिहीत बसले आहे. एरवी या वेळी मी मिनीडोअरच्या रांगेत असते. पुढचा रविवार यायला सात दिवस आहेत. ती दार उघडेल, कारण तिने या म्हटलं आहे, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई आहे. आत गेल्यावर मी कुठे बसायचं आणि काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.